मडू मातेची माती : यादवी युद्धात माझ्या सासरच्या चर्चांचं काय झालं

बावखल (२१ जुलै)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वसईची, निर्मळकडची. सोळा वर्षं झाली, कॅनडात स्कारबरोला राहते. सासर श्रीलंकेतलं, मन्नारजवळचं वंकालै. मच्छिमारांचं गाव आणि जवळपास सगळं कॅथलिक. गेल्या महिन्यात सासूबाई गेल्या. त्यांची खोली आवरताना बिस्किटांच्या डब्यात दोन गोष्टी मिळाल्या. धाकट्या दिराचा बाप्तिस्म्याचा दाखला, घड्यांवर फाटून चार तुकडे झालेला, मागून पट्टी लावलेला. आणि पांढऱ्या कापडात बांधलेली मातीची पुरचुंडी.

माती मडूची. इंग्रजीवरून आपल्याकडे कुणी ‘मधू’ लिहितात, पण तमिळ लोक ‘मडू’ म्हणतात. मन्नार जिल्ह्यात आत जंगलात मारियामातेचं तीर्थस्थान आहे. श्रीलंकेच्या कॅथलिकांना ते आपल्या तमिळनाडूतल्या वेळंकणीसारखं. तिथली माती सापाच्या विषावर चालते अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. सासूबाईंच्या लेखी ती नुसती ऐकीव श्रद्धा नव्हती. १९९० च्या जूनमध्ये सैन्य आणि तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्यातलं युद्ध पुन्हा भडकलं तेव्हा त्या तीन मुलांना घेऊन मडूच्या आवारात आल्या. ताडपत्रीखाली, झाडांच्या मुळांमध्ये राहिल्या. पावसाळ्यात रोज कुणाच्या ना कुणाच्या झोपडीत साप निघायचा. झोपायच्या आधी त्या मुलांच्या अंथरुणाभोवती मातीची रेघ ओढायच्या. माझा नवरा तेव्हा दहा वर्षांचा होता. अजूनही हॉटेलच्या खोलीत झोपायच्या आधी तो पलंगाखाली वाकून बघतो.

ती मूर्ती स्वतःच निर्वासित आहे, हे मला लग्नानंतर कळलं. ती मूळची मांतईची. डच लोकांनी कॅथलिकांचा छळ मांडला तेव्हा, १६७० साली, वीस कुटुंबं तिला घेऊन जंगलात पळाली. ती जिथे थांबली ते हे मडू. तीनशे वर्षांनी तिच्या अंगणात तिच्यासारखेच पळालेले हजारो लोक येऊन बसले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित विभागाने तिथे छावणी चालवली. चर्चचा पडवीपासूनचा सगळा परिसर म्हणजे एक गावच झालं. तिथेच धाकटा दीर जन्मला, तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. सरकारी जन्मदाखला द्यायला कोण होतं? फादरांनी नोंदवहीत लिहिलं आणि एक कागद हातात दिला. पुढे शाळा, ओळखपत्र, पासपोर्ट सगळं त्या एका कागदावर उभं राहिलं.

२००८ च्या एप्रिलमध्ये लढाई अगदी जवळ आली. मूर्तीला धोका आहे असं दिसल्यावर फादरांनी तिला वेदीवरून उतरवलं आणि किनाऱ्याकडच्या तेवन्पिड्डीच्या चर्चमध्ये नेऊन ठेवलं. आम्ही तेव्हा फोनवर बातमी ऐकली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “तिलाही जावं लागलं.” मग दिवसभर बोलल्याच नाहीत.

हे सगळं मराठीत कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला वाटतं. आपल्याकडे श्रीलंकेचं युद्ध म्हटलं की प्रभाकरन आणि राजीव गांधींची हत्या, याच्या पुढे बोलणं जात नाही. तिथल्या लोकांच्या प्रार्थनेचं, सणांचं, देवळांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. कुणाचा तिकडे काही संबंध आला असेल तर जरूर लिहा.

रानजाई (२१ जुलै)

ताई, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मातीच्या रेघेने पोटात कालवलं. वाचनखूण साठवली आहे. अजून लिहा.

बाणावलीकर (२२ जुलै)

बावखलताई, सासूबाईंना श्रद्धांजली.

आमच्या बाणावलीचा एक धागा याला जोडलेला आहे म्हणून लिहितो. १६७० मध्ये मूर्ती जंगलात गेली म्हणता, त्यानंतर सतरा वर्षांनी, १६८७ मध्ये, एक गोंयकार धर्मगुरू मजुराच्या वेषात जाफनाला उतरला. फादर जुझे वाझ. जन्म बाणावलीचा, २१ एप्रिल १६५१. डचांच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरूला बंदी होती. उघड मिस्सा (चर्चची उपासना) नाही, चर्चं बंद किंवा प्रोटेस्टंटांकडे. हा माणूस रात्री घराघरांतून मिस्सा करायचा. कँडीच्या राजाने आधी पोर्तुगीजांचा हेर म्हणून तुरुंगात टाकलं. नंतर देवीची साथ आली तेव्हा घरच्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा त्याने केली आणि त्याच राजाचा विश्वास मिळवला. १७११ मध्ये कँडीलाच देह ठेवला.

त्याच्यामागून जाकोम गोन्साल्वीस गेले, आमच्या दिवाडी बेटाचे. त्यांनी तमिळ आणि सिंहली दोन्ही भाषांत धार्मिक ग्रंथ लिहिले. सिंहली कॅथलिक साहित्याचा पाया त्यांनी घातला असं तिकडे मानतात. म्हणजे ज्या दोन भाषांवरून पुढे एवढं रक्त सांडलं, त्या दोन्ही भाषांतल्या प्रार्थना एका दिवाडकराने लिहिल्या.

१४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर जुझे वाझ यांना संत घोषित केलं आणि त्याच दुपारी ते मडूला गेले. टीव्हीवर बघताना आमच्या घरात सगळे रडत होते. आम्हांला तेव्हा आनंद होता तो आमच्या गावच्या माणसाचा. मडूला जमलेले लोक कशासाठी रडत होते, ते मला तुमचा धागा वाचून आज कळलं.

बावखल (२२ जुलै)

बाणावलीकर, फार मोलाचं लिहिलंत. सासूबाईंच्या देव्हाऱ्यात वाझबाबांची तसबीर होती. तो गोव्याचा म्हणजे माझ्या माहेरचा, असं त्या म्हणायच्या. वसई आणि गोवा यांतलं अंतर मी त्यांना कधी समजावत बसले नाही.

निरंजन_वाचक (२२ जुलै)

धागा महत्त्वाचा आहे. एक शंका विचारतो, राग मानू नका. चर्चवर हल्ले मुद्दाम झाले की लढाईच्या धुमश्चक्रीत सापडून? लोक तिथे आसऱ्याला होते हे सैन्याला आणि वाघांना माहीत नसायचं का?

बावखल (२३ जुलै)

राग कसला. हा प्रश्न आमच्या घरात जेवताना शंभरदा झाला आहे.

नवालीचं सांगते. जाफनाजवळचं गाव, तिथे सेंट पीटर्स चर्च. ९ जुलै १९९५, रविवार. सैन्याची मोठी मोहीम त्याच दिवशी सुरू झाली. लोकांनी देवळांत, चर्चमध्ये, शाळांत जमावं अशी पत्रकं वाटली गेली होती. म्हणून आजूबाजूच्या गावांतले लोक चर्चमध्ये आणि शेजारच्या मुरुगनच्या देवळात येऊन बसले. हवाई दलाच्या विमानाने तिथेच बाँब टाकले. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत बायका-मुलं पुष्कळ. सांगितलं तिथे ते जाऊन बसले होते, हे मला कधी पचत नाही.

त्याआधी नोव्हेंबर १९९३ मध्ये जाफनाच्या गुरुनगरमधल्या सेंट जेम्स चर्चवर बाँब पडला. १९९९ च्या नोव्हेंबरात खुद्द मडूच्या आवारात तोफगोळे पडून चाळीसच्या आसपास माणसं मेली. तेव्हा सैन्याने वाघांवर बोट दाखवलं आणि वाघांनी सैन्यावर. सासूबाई तेव्हा तिथेच होत्या. गोळा कुणाचा, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, गोळ्यावर नाव नसतं, मेलेल्यांना असतं. आणि मग त्या नावं घेत.

२००६ च्या जूनमध्ये पेसालैच्या चर्चमध्ये शेकडो लोक आसऱ्याला असताना आत हातबाँब टाकला गेला. त्याच ऑगस्टमध्ये जाफनाजवळच्या बेटावर अल्लैपिड्डीच्या चर्चवर तोफगोळे पडले. तिथले फादर जिम ब्राऊन जखमींना हलवण्यासाठी धडपडले आणि आठवडाभराने, २० ऑगस्टला, रस्त्यातून नाहीसे झाले. आजपर्यंत पत्ता नाही.

वाघांचंही लिहिते, नाहीतर खोटं होईल. २००९ च्या मार्चमध्ये वाघांच्या ताब्यातल्या शेवटच्या चिंचोळ्या पट्टीत वलैयन्मडमच्या चर्चमध्ये लोकांनी वयात आलेली मुलं-मुली लपवून ठेवली होती. वाघांची माणसं चर्चमध्ये घुसली आणि शेकडो पोरांना बसमध्ये कोंबून लढायला घेऊन गेली. फादर आणि सिस्टर आडवे आले, त्यांना बाजूला सारलं. आमच्या गावच्या एका घरातली मुलगी त्यांत होती. हे लिहिताना माझ्या नवऱ्याला विचारलं, लिहू का? तो म्हणाला, लिही.

कृष्णाकाठचा (२३ जुलै)

ताई, दोन दिवस लिहू की नको करत होतो.

माझे वडील लष्करात होते. १९८७ ला भारतीय शांतिसेनेबरोबर जाफनाला गेले. आमच्या साताऱ्याकडच्या, तशाच मराठा लाइट इन्फन्ट्री आणि महार रेजिमेंटच्या जवानांच्या घरांत तिकडच्या आठवणी आहेत, पण त्या बंद पेटीत असतात. मेजर परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं ते आठव्या महारचे. एवढं आम्ही अभिमानाने सांगतो. बाराशेच्या आसपास भारतीय जवान तिकडे मारले गेले, हेही सांगतो. बाकीचं बाबा सांगत नव्हते.

गेल्या वर्षी पहिल्यांदा एक गोष्ट सांगितली. ऑक्टोबर १९८७, जाफनात घराघरांतून लढाई. लोक नल्लूरच्या कंदस्वामीच्या देवळात आणि चर्चमध्ये हजारोंनी कोंबलेले. बाबांची तुकडी एका चर्चपाशी आली. आत लोक आहेत का बघायला बाबा दारापर्यंत गेले आणि सवयीने बूट काढायला खाली वाकले. लढाईत. दारात एक म्हातारी बसली होती. तिने हाताने खूण केली, राहू दे, तसाच ये. आणि तांब्यातलं पाणी दिलं. बाबा म्हणतात, पाणी प्यावं की नाही ते कळेना, विष असेल असं बरोबरचे म्हणत होते. बाबांनी प्यायलं.

दुसऱ्या दिवशी त्या भागात दोन्हीकडून गोळीबार झाला. नंतर तिकडून जाताना ती दारात नव्हती. बाबा एवढंच सांगतात, आणि नंतर उठून गोठ्यात जातात.

जाफना हॉस्पिटलात त्याच महिन्यात आपल्या जवानांच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, रोगी मेले, ते मी नंतर वाचलं. बाबांना विचारायचं धाडस झालं नाही. तुमच्या सासरी आम्हां लोकांबद्दल काय बोलतात, हे विचारायचं होतं. खरं सांगा.

बावखल (२४ जुलै)

दादा, खरंच सांगते. जाफनाकडच्या नातेवाइकांत राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. २१ ऑक्टोबरचं हॉस्पिटल कुणी विसरलेलं नाही. मी भारतीय आहे म्हणून लग्नात एक आत्या आल्या नाहीत. पुढे आल्या, माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला, आणि तिला मांडीवर घेऊन बसल्या. त्यांनी त्या विषयावर माझ्याशी कधीच बोलणं काढलं नाही आणि मीही नाही.

तुमच्या बाबांची गोष्ट मी रात्री नवऱ्याला तमिळमध्ये सांगितली. त्याने दोनदा विचारलं, “खरंच बूट काढायला वाकले?”

समुद्रफेस (२५ जुलै)

मी २००३ ते २००८ कोलंबोत होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. माझ्या वाट्याला आलेली बाजू दक्षिणेची आहे, ती मांडते.

आमच्याकडे कामाला येणारी अक्का निगोंबोची, सिंहली कॅथलिक. निगोंबोपासून वर पुत्तलमकडचा बराचसा किनारा कॅथलिक आहे. तिचा मोठा मुलगा सैन्यात होता, किळिनोच्चीकडे कुठेतरी गेला तो परत आला नाही. दर मंगळवारी ती कोलंबोतल्या कोच्चिकडेच्या सेंट अँथनीज चर्चला जायची आणि मीही दोनचारदा गेले. तिथे मंगळवारी कोण नसतं? सिंहली, तमिळ, बौद्ध, हिंदू, मुसलमान, सगळे रांगेत. एका खांबापाशी अक्का मुलासाठी मेणबत्ती लावायची आणि शेजारी एक तमिळ बाई आपल्या मुलासाठी. दोघी एकमेकींकडे बघून मान हलवायच्या. भाषा वेगळी, मिस्सेची वेळ वेगळी, बाक तेच.

तहाच्या काळात, २००२ नंतर, उत्तरेकडे जाणारा ए-९ रस्ता उघडला तेव्हा निगोंबोहून बसच्या बस मडूच्या सणाला जाऊ लागल्या. अक्का वीस वर्षांनी गेली होती. परत आल्यावर म्हणाली, “तिथल्या लोकांनी आम्हांला पाणी दिलं. आमच्या पोरांनी त्यांचं काय केलं ते त्यांना माहीत होतं, तरी दिलं.” कृष्णाकाठचा, तुमच्या बाबांच्या गोष्टीतली म्हातारी वाचताना मला हे वाक्य आठवलं.

निरंजन_वाचक (२५ जुलै)

पण मग दोन्ही बाजूंना असलेली ही एकच संस्था होती. बिशप एकाच परिषदेत बसत. त्यांनी एकमुखाने युद्ध थांबवायला का नाही सांगितलं?

बावखल (२६ जुलै)

यावर मला राग आहे, तो लपवत नाही.

उत्तरेतले आणि पूर्वेतले धर्मगुरू लोकांबरोबर राहिले आणि लोकांसारखेच मेले. आमच्या वंकालैतच ६ जानेवारी १९८५ ला, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, फादर मेरी बास्टियन यांना चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या. त्यांचा देह गावाला मिळाला नाही. त्याच्या तीन-चार आठवडे आधी मन्नारमध्येच मेथडिस्ट पाळक जयराजसिंगम मारले गेले होते. १९८८ मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआत फादर चंद्रा फर्नांडो. १९९० मध्ये तिथलेच अमेरिकन जेसुइट फादर यूजीन हेबर्ट रस्त्यातून बेपत्ता. २००५ च्या नाताळात बट्टिकलोआच्या कॅथेड्रलमध्ये मध्यरात्रीच्या मिस्सेत खासदार जोसेफ परराजसिंगम यांना गोळ्या घातल्या. मध्यरात्रीच्या मिस्सेत. त्यानंतर किती तरी आयांनी मुलांना रात्रीच्या मिस्सेला नेणं सोडलं.

आणि १८ मे २००९. शेवटचा दिवस. जाफनाच्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजचे माजी प्राचार्य फादर फ्रान्सिस जोसेफ वट्टुवाहलच्या पुलापाशी शरण जाणाऱ्यांबरोबर होते. त्यांना सैन्याच्या बसमध्ये चढताना लोकांनी पाहिलं. पुढे काहीच नाही.

आमचे मन्नारचे बिशप रायप्पू जोसेफ मात्र बोलत राहिले. २०११ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगापुढे त्यांनी सरकारचेच आकडे मांडले. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांआधी वन्नीत (उत्तरेतल्या वाघांच्या ताब्यातल्या भागात) किती लोक होते, छावण्यांत किती पोचले, आणि मधल्या १,४६,६७९ माणसांचा हिशोब काय? हा आकडा आमच्या घरात मुलांनाही पाठ आहे. त्यांना देशद्रोही म्हटलं गेलं. दक्षिणेतून त्यांच्या पाठीशी जितके आवाज उभे राहायला हवे होते तितके राहिले नाहीत. बिशप परिषदेने शांततेची पत्रकं काढली, नाही असं नाही. पण नवालीनंतर कोलंबोच्या प्रत्येक चर्चमध्ये घंटा वाजायला हवी होती असं मला वाटतं. सासूबाईंना ते वाटत नव्हतं. त्या म्हणायच्या, “त्यांनाही त्यांची पोरं गाडायची होती.”

बिशप रायप्पू २०२१ मध्ये १ एप्रिलला गेले. पवित्र गुरुवार होता.

इंद्रायणी_तीर (२६ जुलै)

ताई, लेखन जबरदस्त आहे. फक्त एक जोडते, तुमच्या परवानगीने. युद्धात केवळ चर्चंच होरपळली असं वाचणाऱ्याला वाटू नये. ३ ऑगस्ट १९९० ला कात्तानकुडीच्या मशिदींत रात्रीच्या नमाजाला उभ्या असलेल्या शंभराहून जास्त मुसलमानांना वाघांनी मारलं. त्याच ऑक्टोबरात उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना हाकलून दिलं, सत्तर हजारांच्या वर माणसं. १९८७ च्या जूनमध्ये अरंतलावाला बसमधले तीसहून जास्त बौद्ध भिक्खू मारले गेले, त्यांत बरेचसे कोवळे श्रामणेर. जानेवारी १९९८ मध्ये कँडीच्या बौद्धांच्या दळदा मंदिरावर ट्रकबाँब. हिंदूंचं कीरिमलैचं नागुलेश्वरम देऊळ बाँबनी मोडलं आणि वर्षानुवर्षं लष्कराच्या कुंपणाआड राहिलं.

बावखल (२७ जुलै)

इंद्रायणीताई, परवानगी कसली, लिहिलंत ते बरं केलंत. मन्नारमधून मुसलमान हाकलले गेले त्यांत सासूबाईंची मैत्रीण होती. तिच्या घराची किल्ली सासूबाईंकडे होती. घर राहिलं नाही, आणि किल्ली मडूच्या छावणीत हरवली. त्याचा त्यांना शेवटपर्यंत सल होता.

कुंपणाआडचा विषय निघाला म्हणून सांगते. आमच्या मन्नारमध्ये मुळ्ळिकुळम नावाचं गाव आहे. २००७ मध्ये लोकांना काढलं आणि युद्ध संपल्यावर तिथे नौदलाचा तळ झाला. चर्च तळाच्या आत. गावकरी बाहेर, झाडाखालच्या झोपड्यांत. रविवारी परवानगीने आत जायचं, मिस्सा ऐकायची आणि स्वतःच्या घरांपुढून चालत परत बाहेर यायचं. काही घरांत दुसरेच राहताना दिसायचे. २०१७ मध्ये लोकांनी दारातच ठाण मांडलं तेव्हा थोडी जमीन सुटली. जाफनाकडे मयिलिड्डीच्या लोकांना त्यांचा किनारा आणि चर्च बघायला २७ वर्षं लागली.

रानजाई (२७ जुलै)

रोजचं धार्मिक जीवन कसं चालायचं हे जाणून घ्यायला आवडेल. सण, लग्नं, बारसं.

बावखल (२८ जुलै)

नवऱ्याला आणि नणंदेला विचारून लिहिते.

संचारबंदीमुळे नाताळची मिस्सा दुपारी चारला. मेणबत्त्या जपून वापरायच्या. जॅमच्या बाटलीत बोटभर रॉकेल आणि कापसाची वात, असे दिवे घरोघरी होते, तेच वेदीवर. विमानाचा आवाज आला की फादर हात वर करून थांबायचे, सगळे बाहेरच्या खंदकात, आवाज गेला की पुन्हा जिथे थांबले तिथून पुढे. माझा नवरा सांगतो की पहिल्या कम्युनियनच्या दिवशी तो पांढऱ्या शर्टात दोनदा खंदकात उतरला आणि आईचा मार खाल्ला तो शर्ट मळवल्याबद्दल.

घंटा. शांततेत ती मिस्सेची. युद्धात ठरावीक पद्धतीने वाजली की सैन्य येतंय. नणंद आजही स्कारबरोत रविवारी घंटा वाजली की क्षणभर थबकते.

वीज नव्हती. सायकल उलटी ठेवून एकजण पायडल हाताने फिरवायचा आणि डायनॅमोवर रेडिओ लागायचा. बातम्यांना बीबीसी आणि प्रार्थनेला मनिलाहून येणारं रेडिओ वेरितासचं तमिळ केंद्र. पायडल फिरवणारा दमला की प्रवचन घसरायचं.

लग्नं पटापट व्हायची, कारण लग्न झालेल्या मुलामुलींना वाघ सहसा नेत नसत असा लोकांचा समज होता. सोळा-सतराच्या पोरींची लग्नं फादरांनी लावून दिली आणि नंतर त्याचं दुःखही केलं. शेवटी शेवटी तो समजही खरा राहिला नाही.

सगळ्यांत अवघड अंत्यविधी. कबरस्तानापर्यंत जायला वाट नसायची. अंगणात पुरायचं, वर काडीचा क्रूस, आणि पुढच्या गावी पळायचं. आजोबांची कबर आम्हांला सापडलेली नाही. ज्यांचा देहच नाही त्यांची मिस्सा कोणती म्हणायची? मेलेल्यांची म्हटली तर आई उठून जाते, माझा मुलगा जिवंत आहे म्हणते. म्हणून तिकडे ‘हरवलेल्यांसाठी’ अशी मिस्सा मांडतात. माझ्या वसईच्या धर्मग्रामात मी असा शब्द कधी ऐकला नव्हता.

राईनकाठ (२९ जुलै)

मी जर्मनीत, डच सीमेजवळ राहतो. इथे केवेलार नावाचं मारियामातेचं गाव आहे. ऑगस्टमध्ये एका शनिवारी हजारो तमिळ लोक युरोपभरातून येतात. जरीच्या साड्या, केसांत मोगरा, मैदानात वडे आणि भाताचे डबे. दहा वर्षांपूर्वी मी सहज गेलो आणि तेव्हापासून दरवर्षी जातो. निम्मे लोक हिंदू असतात. एका काकांना विचारलं तर म्हणाले, “गावी मडूला जात होतो, इथे हीच.” त्यांच्या खिशात पाकिटातला एक फोटो होता, कुणाचा ते मी विचारलं नाही.

बावखल (२९ जुलै)

आमच्याकडे ओंटारिओत मिडलंडला तसंच. टेकडीवरच्या जेसुइट हुतात्म्यांच्या चर्चमध्ये तमिळ जपमाळ चालते, आणि मागे कुणीतरी मोठ्या पातेल्यात सांबार ढवळत असतं.

बाणावलीकर (३० जुलै)

एक गोष्ट मनात घोळतेय. २०१९ च्या ईस्टरचे बाँबस्फोट, कोच्चिकडे, निगोंबोचं कटुवापिटिया आणि बट्टिकलोआचं झायन चर्च, शिवाय कोलंबोतली हॉटेलं. अडीचशेच्या वर माणसं. तो दिवस २१ एप्रिल. जुझे वाझ यांचा जन्मदिवस. इथे आम्ही त्या दिवशी सकाळी त्यांच्या नावाने मिस्सा केली आणि घरी येऊन बातम्या लावल्या.

समुद्रफेस (३० जुलै)

त्या दिवशी मी अक्काला पुण्याहून फोन करत राहिले. चौथ्या दिवशी लागला. ती कटुवापिटियाला जाणार होती, पाय दुखला म्हणून घरी राहिली. तिची बहीण गेली. जाफनाहून एका चर्चचे लोक बस करून अंत्यविधीला आले होते असं ती सांगत होती. “त्यांना माहीत आहे कसं बसायचं ते,” असं म्हणाली.

बावखल (२ ऑगस्ट)

उशिरा लिहिते. तिकिटं झाली. १५ ऑगस्टच्या सणाला आम्ही मडूला असू, मी, नवरा, दोन्ही मुलं आणि धाकटा दीर. तो जन्मल्यानंतर पहिल्यांदाच त्या जागी धडधाकट पासपोर्ट घेऊन जाणार आहे. दाखला लॅमिनेट करून बरोबर घेतोय. नोंदवही अजून आहे का ते बघायचं आहे. पळताना फादर तेलाच्या पत्र्याच्या डब्यात वह्या घालून नेत, असं सासूबाई सांगत.

मातीची निम्मी पुरचुंडी आम्ही इथे त्यांच्या कबरीत घातली. उरलेली मुलीने स्वतःच्या उशाशी ठेवली आहे. तिच्या खोलीत साप येण्यासारखं काही नाही, पण मी हलवली नाही.

सणाच्या आदल्या रात्री मिस्सेसाठी नावं देतात. इथल्या कुणाला द्यायची असतील तर कळवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

कृष्णाकाठचा (३ ऑगस्ट)

ताई, बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. बराच वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, तिला विचार, एक नाव देता येईल का. पण आम्ही हिंदू आहोत. आणि बाबांना त्या आजींचं नाव माहीत नाही. त्या गेल्या की जगल्या तेही माहीत नाही.

बावखल (३ ऑगस्ट)

दादा, मडूला धर्म कुणी विचारत नाही. आणि हरवलेल्यांच्या यादीत नाव नसलेल्या ओळी पुष्कळ असतात.

लिहून घेतलं आहे : ‘जाफना, ऑक्टोबर १९८७. चर्चच्या दारातली आजी. पाणी दिलं.’ खाली तुमच्या बाबांचं नाव घालू का, ते विचारून सांगा.